समईच्या वाट्याचा प्राणवायू

मानवी अवकाश प्राणवायू व तदनुषंगिक सुविधा मंडळाच्या चाचणी केंद्राचं उद्घाटन सकाळी साडेदहा वाजता दीपप्रज्वलनाने झालं, असं इतिवृत्तात नमूद आहे. इतिवृत्तात आहे म्हणजे झालंच. प्रत्यक्षात समई पेटायला पावणेबारा वाजले. चौकहून खालापूरकडे जाणाऱ्या जुन्या हायवेलगत पुठ्ठ्याचा एक बंद कारखाना होता, त्यात हे केंद्र थाटलं होतं, आणि घाटावरून उतरणारं वारं तिथे आमंत्रण नसताना थेट मांडवात शिरत होतं. मा. उद्घाटकांनी पहिली वात लावली. दुसरी लावेपर्यंत पहिली गेली. चौघांनी चार बाजूंनी सत्काराच्या शाली धरल्या, तेव्हा एका शालीने पेट घेतला आणि समई तेवढी विझली.

सहाव्या खेपेनंतर सहसंचालक योगेंद्र साहेबांनी कपाळ पुसलं आणि आजूबाजूला नजर टाकली. अख्ख्या केंद्रात वारा न लागणारी एकच जागा होती. मांडवाच्या मागे लोखंडी पायांवर उभी असलेली पांढरी, गोल, हवाबंद कुपी. तिच्यातच दोन माणसांनी एकवीस दिवस कोंडून घेऊन दाखवायचं होतं, आणि ते जमलं की तशीच दुसरी कुपी त्याच दोन माणसांसकट आकाशात जायची होती.

"समई आत घ्या," योगेंद्र साहेब म्हणाले.

समई आत गेली. पाची वाती एका काडीत पेटल्या. मा. उद्घाटकांना इतका आनंद झाला की कुपीच्या दारातूनच ध्वनिवर्धक मागवून ते म्हणाले, "ही ज्योत आता मोहीम फत्ते होईपर्यंत इथे अखंड तेवत राहील!"

हे वाक्य त्यांच्या भाषणाच्या कागदावर नव्हतं. माणूस आनंदात काहीही बोलतो, आणि एरवी ते टाळ्यांबरोबर विरूनही जातं. पण या वेळी शेजारीच इतिवृत्त लिहिणारे बसले होते आणि त्यांचं पेन नवं होतं.

मांडवाच्या शेवटच्या रांगेत हवा विभागाच्या तांत्रिक सहायक विनिता भोईर उभ्या होत्या. आपण त्यांना विनिताच म्हणू, सगळे तसंच म्हणतात. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण बारावीच्या उंबरठ्यापर्यंत. तरी हवेतलं तिला कळायचं तेवढं मंडळात कुणाला कळायचं नाही, कारण ती चौक गावातल्या नामाच्या गॅरेजात वाढली होती. नामा तिचा बाप. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा हेरायचा, गळती कानाने ऐकायची, हे ती पाटीपेन्सिलीच्या आधी शिकली. कुपी बनत असताना तिच्यातून हवा कुठून जाते ते परदेशी यंत्राला सापडेना, तेव्हा या बाईने भांड्याचा साबण फेसून सांध्यांना लावला आणि सात मिनिटांत बोट ठेवलं. मंडळाने तिला ताबडतोब कंत्राटी तत्त्वावर ठेवून घेतलं आणि परदेशी यंत्राला कायम.

पाच वाती पाहून विनिताने सवयीने मनात मांडणी केली. एका बारीक वातीला दिवसाला इतकी हवा, तर पाचांना किती? जवळजवळ एका धडधाकट माणसाला लागते तितकी. असू दे, पाहुणे गेले की करू शांत, असं म्हणून तिने विषय सोडला.

पाहुणे चार वाजता गेले. कुपीत बसणारे दोघे पांढऱ्या पोशाखात येऊन उभे राहिले. एक राजेश, कर्जतचा, हसतमुख, अंगाने भरलेला. दुसरी आरोही, कर्जतच्या अलीकडल्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली, सव्वीस वर्षांची. अकरा हजार अर्जांतून हे दोघे निवडले गेले होते. आरोहीने तीन वर्षं खुर्चीत गरगर फिरून घेतलं होतं, बर्फाच्या पाण्यात बसून गणितं सोडवली होती, स्वतःच्या लघवीचं पाणी करून ते पिऊन दाखवलं होतं, आणि वर "लिंबू पिळलं तर चालेल का" असं विचारलं होतं. तिची आई पहिल्या दिवशी विनिताचा हात धरून म्हणाली होती, "बाय, वर हवा नसते म्हनं." विनिता म्हणाली होती, "तुमच्या पोरीच्या हवेची जबाबदारी माझी."

म्हणून दार लावण्याआधी विनिता कुपीत शिरली आणि समईसमोर वाकून तिने वातीकडे हात नेला.

"बाई! काय करताय?" योगेंद्र साहेब दारातून ओरडले.

"दार लावायचंय ना साहेब. दिवा शांत करते." तिच्या घरात विझवते असं कुणी म्हणत नसे.

"इतिवृत्त वाचलंत? मोहीम फत्ते होईपर्यंत अखंड."

"मग बाहेर ठेवू. आमच्या विभागात कोपऱ्यात ठेवते. तेलपाणी मी बघेन."

"'इथे' असा शब्द आहे. आणि तो उच्चारताना साहेब कुठे उभे होते? कुपीत. जागा बदलली तर शब्द बदलतो, आणि शब्द बदलायचा तर साहेबांची सही लागते. ते परदेशी गेलेत."

"आत्ताच तर गेले गाडीतून."

"दौरा आजपासून धरलाय."

दार लागलं. आत राजेश, आरोही आणि समई.

दुसऱ्या दिवशी दुपारी धूर ओळखणारा भोंगा वाजू लागला आणि थांबेना. भोंग्याचा दोष नव्हता, हवाबंद खोलीत उघडी ज्योत दिसली की त्याने बोंबलायचं असाच त्याचा जन्म होता. त्यावर तीन सदस्यांची व्याख्या समिती बसली. समितीने दोन चहा घेऊन निष्कर्ष काढला: 'आग म्हणजे जी पाहून विझवावीशी वाटते ती. प्रस्तुत ज्योत विझवावीशी वाटत नाही, सबब ती आग नव्हे.' भोंग्याला ही प्रत बजावण्यात आली. त्याने ती मानली नाही, म्हणून त्याची तार काढली.

चौथ्या दिवशी दोघांची डोकी ठणकू लागली. माणसाच्या श्वासातून निघणारा कर्बवायू शोषून घेणाऱ्या डब्या कुपीत बसवलेल्या असतात. दोघांना एकवीस दिवस पुरतील एवढ्या मोजून भरलेल्या. त्या दीडपट वेगाने संपत होत्या. विनिता आलेखाची गुंडाळी घेऊन बैठकीत गेली.

"साहेब, कुपी दोघांची आहे. आत तिघं श्वास घेतायत."

"तिसरं कोण?"

"समई. ती एका माणसाचं खाते."

नियोजन विभागाच्या सुरभी मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे गेले चार दिवस आपण नोंद नसलेल्या घटकाला प्राणवायू देतोय? लेखापरीक्षणात कोण उत्तर देणार?"

विनिताला वाटलं, आता सुटलो. पण लेखापरीक्षणाला घाबरलेला माणूस चुकीची गोष्ट थांबवत नाही, तिची नोंद करतो. समईची नोंद झाली. सदस्य क्रमांक तीन.

सदस्य म्हटला की वैद्यकीय तपासणी आली. मंडळाच्या डॉक्टरांनी काचेतून पाहून अर्ज भरला. उंची: दोन फूट. वजन: चार किलो, तेलासह. रक्तदाब: लागू नाही. नजर: तेजस्वी. व्यसन: तेल. कौटुंबिक आजार: माहिती नाही, माहेर मुरादाबाद. शेरा: अवकाशप्रवासास पूर्णतः पात्र.

"आता सदस्य तीन आणि क्षमता दोनची," सुरभी मॅडम म्हणाल्या. "एकाला उतरावं लागेल."

"समईला," विनिता म्हणाली.

"असं मनाला येईल ते नाही चालत. सेवाज्येष्ठता बघावी लागते." त्यांनी आवक नोंदवही उघडली. "समईचा कुपीत प्रवेश अकरा पंचेचाळीस. आरोही, दुपारी चार वाजून दोन मिनिटं. राजेश, चार वाजून तीन मिनिटं."

राजेश एका मिनिटाने कनिष्ठ ठरला. खरं तर दारात त्यानेच आरोहीला "लेडीज फर्स्ट" म्हणून पुढे सोडलं होतं. दार उघडून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याने पहिला मोठा श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि थेट कर्जत स्टेशनवर जाऊन चार वडे खाल्ले. पाचवा घेताना त्याला रडू आलं, असं वडेवाला सांगतो.

आता आत आरोही आणि समई. हवेची मांडणी बसली, डोकेदुखी थांबली. पण समईला तेल लागतं. दर तीन तासांनी तेल घाला, काजळी काढा, वात पुढे सरकवा. आरोहीचा गजर दर तीन तासांनी लावण्यात आला. वर करायच्या बारा प्रयोगांची तिला इथे तालीम करायची होती, भाताचं रोप वजनाशिवाय कुठल्या दिशेने वाढेल वगैरे. एकेक प्रयोग 'वेळेअभावी स्थगित' होत गेला. नवव्या दिवशी ती सलग झोपल्याला पाच दिवस झाले होते. विनिता काचेपाशी यायची आणि फोनवर दोघी बोलायच्या.

"मावशी, मी अंतराळवीर हाय का पुजारी?" थकली की आरोहीची घरची बोली वर यायची.

"बोलू नको गं. बोललीस की हवा जास्त लागते."

"समई तर बोलत पन नाय. तिच्याकडं बघून मीच बोलते. काल तिला म्हटलं, वर गेल्यावर खिडकीकडची जागा तुझी. तिने वात हलवली."

"आरोही!"

"चेष्टा केली गं मावशी. वेड नाय लागलं अजून. एकवीस दिवसांत लागेल, तसं वेळापत्रकच हाय."

त्या संध्याकाळी विनिता बापाच्या गॅरेजात गेली. नामा पंचाहत्तर वर्षांचा, अजून ट्रकच्या पोटाखाली सरकून कामं करायचा. सगळं ऐकून त्याने नुसते पाय बाहेर दिसत असताना विचारलं, "तितं दिवा कशाला न्येलाय?"

"इतिवृत्तात हाय, बा."

"मंग इतिवृत्ताला कोंडा ना आत. पोरीला कशापायी?"

"ते नाय होत. मला फक्त असं काय तरी दे, की तेल आपोआप जाईल आणि पोर झोपेल."

नामा बाहेर सरकला. जुन्या लेथ मशिनीच्या धुऱ्यावर पूर्वी पितळी तेलपेला असायचा. त्यात लोकरीचा पीळदार धागा, एक टोक तेलात, एक बाहेर. धागा तेल ओढायचा आणि थेंबथेंब पुढे द्यायचा, दिवसरात्र, कुणी न बघता. तसा एक तेलपेला त्याने खोक्यातून काढला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसला.

"हा घे. उलटा कर, सुलटा कर, धागा वढनारच. तुज्या त्या बिनवजनाच्या जागंत बी वढंल." देता देता त्याने हात मागे घेतला. "पन येक सांग. ह्यो बसवल्याव पोरीला काम काय उरंल?"

"झोप उरेल, बा."

"झोपनाऱ्या मानसाला कोन ठेवतं गं?" नामा म्हणाला आणि पुन्हा ट्रकखाली गेला.

विनिताने ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. ती त्या पितळी पेल्यात रमली होती. आणि गंमत अशी की तिला कामही आवडू लागलं. वजन नसलं की गरम हवा वर जात नाही, मग ज्योत लांबट न राहता गोटीसारखी गोल होते, निळी पडते आणि स्वतःच्याच धुरात घुसमटते. तिला बारीक वारा हवा. जास्त झाला तर जाते, कमी झाला तर गुदमरते. विनिताने जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणला, त्याची पाती चिकटपट्टीने अर्धी बुजवली, गालाजवळ धरून धरून वारा जमवला. तान्ह्या मुलाच्या डोळ्यावर आपण घालतो तेवढा. काच बसवली, पेला बसवला, धागा ओवला. दहाव्या दिवशी ती सगळी जुळणी सामानाच्या छोट्या खिडकीतून आत सरकवली.

आरोही त्या दिवशी अकरा तास झोपली. विनिता काचेपाशी उभी राहून तिच्या छातीची वरखाली बघत राहिली. पोरीचा श्वास आणि समईची ज्योत, दोन्ही एका लयीत. एवढं छान काम आपण आयुष्यात केलं नाही असं तिला वाटलं. चांगलं काम झालं की सावध व्हावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गॅरेजात चांगलं काम झालं की गाडी निघून जाते, एवढंच होतं.

एकविसाव्या दिवशी दार उघडलं. चाचणी यशस्वी. चार दिवसांनी विनिताला योगेंद्र साहेबांनी दालनात बोलावून शाल दिली. जळलेलीच होती, पण घडी नीट घातली होती.

"तुमच्या यंत्रामुळे सदस्य क्रमांक तीन स्वावलंबी झाल्या," साहेब म्हणाले.

"आणि आरोही? तिचं उड्डाण कधी?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "नवव्या दिवसाच्या आदेशान्वये आरोही यांचं पद 'ज्योत देखभाल' असं झालं होतं. आता देखभाल लागत नाही. पद आपोआप संपुष्टात येतं."

"साहेब, ती अंतराळवीर आहे!"

"होती. बसा. तुम्हाला म्हणून सांगतो." साहेबांचा आवाज मायाळू झाला. "या सगळ्या मोहिमेतली खरी अडचण तुम्हाला माहितीये? माणूस. अग्निबाणाचं सोडा, तो बिचारा जातो. माणूस आत बसवला की त्याला हवा, पाणी, जेवण, संडास. त्याला घाम येतो. उलटी होते. चढताना चौपट वजन अंगावर आलं तर तो बेशुद्ध पडतो. बिघाड झालाच तर त्याला ओढून बाहेर काढणारी वेगळी यंत्रणा, त्याचं वेगळं वजन. आम्ही अभ्यास केला. मानवी अवकाश मोहिमेतला सत्तर टक्के धोका हा केवळ मानवामुळे आहे. तो वगळला की मोहीम किती सुरक्षित होते बघा."

"मग ती मानवी मोहीम कशी?"

"ज्योत कुणी लावली? मानवानेच ना?"

विनिताने शाल टेबलावर ठेवली. "साहेब, वर जाताना सगळं चौपट जड होतं म्हणालात. तेलही होईल. धागा तेवढं जड तेल ओढणार नाही. समई दोन मिनिटांत... राहणार नाही. मी लेथवरचं सांगते, आकाशातलं नाही. आत माणूस हवाच, पुन्हा लावायला तरी."

"लेखी द्या."

तिने तिथेच लिहिलं. लिहिताना 'विझेल' हा शब्द हाताला येईना. आयुष्यभर जिभेवर येऊ दिला नव्हता, तो कागदावर कसा येणार? 'चढताना ज्योत शांत होईल' असं लिहून तिने सही केली. योगेंद्र साहेबांनी वाचलं, समाधानाने मान हलवली आणि कोपऱ्यात शेरा मारला: 'ज्योत प्रवासात शांत राहील असा हवा विभागाचा अनुकूल अभिप्राय. पुढे पाठवावे.'

आरोही केंद्राच्या मागच्या पायरीवर बसली होती. तिला पत्र मिळालं होतं. मांडीवर भाताच्या रोपाची डबी, स्थगित प्रयोग क्रमांक चार.

"मी तुला झोप मिळावी म्हणून केलं गं," विनिता म्हणाली.

"मिळाली ना मावशी. आता रोज मिळेल." मग रोपाचं पान बोटाने सरळ करत तिने विचारलं, "तिला खिडकीकडची जागा दिली का?"

"दिली."

"मी चेष्टेत म्हटलं होतं."

उड्डाण पूर्व किनाऱ्यावरून व्हायचं होतं. समईच्या अंगाचा साचा प्लास्टरमध्ये घेऊन आसन बनवलं, कारण प्रत्येक अंतराळवीराचं आसन त्याच्या मापाचं असावं असा नियम आहे. तिला पाच पट्टे बांधले. खालापूरच्या केंद्रात मोठा पडदा लावून तोच मांडव पुन्हा घातला, तालुक्यातली माणसं टेंपो भरभरून आली. आतला कॅमेरा समईसमोर लावायचा तर मा. उद्घाटकांच्या नावाची पाटी दिसेना, म्हणून तो पाटीसमोर लावला होता. पडद्यावर पाटी दिसत होती. पाटीवर पिवळसर उजेड हलत होता.

विनिता आणि आरोही मागे, हवा विभागाच्या टेबलापाशी होत्या. विनिताच्या समोर एकच रेघ होती. प्राणवायू किती खर्च होतो त्याची.

आकडे उलटे मोजले गेले. धूर, गडगडाट, टाळ्या, शंख. अग्निबाण वर निघाला. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. दोन मिनिटं दहा सेकंदांनी ती रेघ थरथरली, खाली आली आणि तळाशी सरळ पडून राहिली. पडद्यावरच्या पाटीवरचा उजेड गेला. लोकांना वाटलं, ढग आला.

"गेली?" आरोहीने विचारलं.

"शांत झाली."

आरोहीने डबीतल्या रोपाकडे पाहिलं. "मी असते तर काडी ओढली असती."

विनिता उठून पहिल्या रांगेत गेली आणि वाकून कुजबुजली, "साहेब, प्राणवायूचा खर्च शून्य आलाय."

"शून्य?"

"शून्य."

योगेंद्र साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. ते उठले, त्यांनी ध्वनिवर्धक घेतला. "बंधू आणि भगिनींनो, मला आत्ताच हवा विभागाने कळवलंय. आपल्या कुपीचा प्राणवायूचा खर्च शून्य आहे! मानवी अवकाश प्रवासाच्या इतिहासात एवढी काटकसर आजवर कुणाला जमलेली नाही!"

टाळ्या इतक्या झाल्या की मांडवाचा एक खांब हलला.

कुपी सात दिवस वर होती. रोज विनिताला एक तक्ता भरावा लागे. 'ज्योत: तेवत आहे / उत्तम तेवत आहे (लागू नसेल ते खोडावे).' पहिल्या दिवशी तिने दोन्ही खोडलं. तक्ता परत आला, 'दोन्ही खोडता येत नाही.' दुसऱ्या दिवशी तिने काहीच खोडलं नाही. तेव्हा 'दुप्पट उत्तम' असा अर्थ काढून वर कळवण्यात आलं. तिन्हीसांजेला कुपी कर्जतवरून ठिपक्यासारखी जायची आणि माणसं अंगणातून, गच्चीवरून हात जोडायची. ठिपका चमकायचा तो मावळत्या सूर्याने, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पण शाळा सुटली होती.

आठव्या दिवशी कुपी समुद्रात उतरली. तिला बाहेर काढणाऱ्या पथकाच्या साहित्याच्या यादीत पहिलं नाव होतं: काडेपेटी, ओल न लागणारी, दोन नग. छायाचित्रकारांना तिसऱ्या मिनिटाला आत सोडलं.

आता ती समई खालापूरच्या केंद्रात काचेच्या पेटीत आहे, आणि दर रविवारी तिच्यावरून पणती लावून घरी नेता येते. गर्दी फार होते, म्हणून मंडळाने ज्योत वितरण कक्ष उघडला आणि कनिष्ठ सहायकाचं एक पद भरलं. उमेदवाराचा हात स्थिर हवा, तासन् तास उभं राहता यावं, कोंदट जागेत जीव घाबरू नये, अशा अटी होत्या. आरोहीइतकं पात्र दुसरं कोण असणार? ती पांढऱ्या पोशाखात उभी असते. वारं अजून तसंच उतरतं घाटावरून. ती दोन्ही तळव्यांचा आडोसा करते, पणती लावते, पुढच्याकडे वळते. विनिता दाराशी बसून हवा येते की नाही ते बघते. जबाबदारी घेतलेली आहे.

तुम्हीही आला होतात. नाही म्हणू नका, विनिताने तुम्हाला पाहिलंय. परत जाताना चौकच्या वळणावर तुमची पणती वाऱ्याने गेली, तुम्ही इकडेतिकडे बघून खिशातल्या लायटरने लावली आणि घरी सांगितलंत की अवकाशातून आलीय. ते जाऊ द्या, त्यात तुम्ही एकटे नाही. पण त्याआधी, रांगेत तुमचा नंबर आला तेव्हा, आरोहीने तुमची पणती लावून तुमच्या हातात दिली. तुम्ही समईला वाकून नमस्कार केलात. मग मोबाइल काढलात, एक डोळा मिटून बघितलंत, आणि त्या मुलीला म्हणालात, "ताई, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

ती झाली बाजूला.